उजळणीच्या कागदावरची एक ओळ

माझ्या विज्ञानाच्या बाईंनी मला वाचवलं. काय झालं ते सांगणारच आहे, पण हे आधी लिहून ठेवते, कारण माझा मला भरवसा नाही. सांगता सांगता मी स्वतःची बाजू घेईन, दुष्काळाचं नाव पुढं करीन, वडिलांच्या माथी मारीन. इतकी वर्षं तेच करत आले. इथं सुरतेत आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे की माझं लग्न लवकर लागलं म्हणून माझी दहावी राहिली. बायका हळहळतात, मी मान खाली घालते. मान खाली घालायचं कारण त्यांना वाटतं ते नाही.

आमचं गाव माकणीच्या अलीकडं. शाळा दहावीपर्यंत, एका संस्थेची. संस्थेचे चेअरमन तेच तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाचेही चेअरमन, त्यामुळं नुसतं 'चेअरमन' म्हटलं की गावाला कळायचं. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे नववीच्या वर्गातलं एक लोखंडी कपाट. त्यात दोन चंबू, कानाशी तडा गेलेलं चंचुपात्र, लिटमसची संपत आलेली वही आणि खालच्या कप्प्यात जाड काचेची आम्लाची बाटली. शिपाईमामा तिला तेजाब म्हणायचे. कपाट उघडायची वेळ आली की 'तेजाबमाय, झोप गं बाई तू' असं पुटपुटून कुलूप काढायचे.

बाई आल्या तेव्हा मी नववीत होते. उमरग्याच्या, बौद्ध घरातल्या. वडील पोस्टात शिपाई, आणि बी.एस्सी. झालेल्या त्या घरातल्या पहिल्याच. आमच्या शाळेत त्या तात्पुरत्या जागेवर होत्या. दर जूनला नवी ऑर्डर निघायची, ती निघेपर्यंत बाई कुणाशी फार बोलायच्या नाहीत. मी दहावीत गेले तेव्हा त्यांना कायम व्हायला एकच गोष्ट उरली होती. त्या वर्षीच्या तपासणीचा शेरा.

शाळेत साहित्य नाही, म्हणून त्या रडत बसल्या नाहीत. रिकाम्या काडेपेट्या गोळा करून त्यांवर मूलद्रव्यांची चिन्हं लिहिली. सोडियमच्या पेटीला एक टाचणी, ऑक्सिजनच्या पेटीला दोन भोकं. टाचण्या भोकात बसल्या की संयुग तयार. पहिल्यांदा हायड्रोजनच्या दोन पेट्या ऑक्सिजनला जोडून त्यांनी वर्गाला दाखवल्या आणि विचारलं, "हे काय झालं?"

"पाणी!"

मागून एक पोरगा म्हणाला, "बाई, घागर लावू का खाली?"

त्या वर्षी टँकर दोन दिवसाआड यायचा. बाई आमच्यापेक्षा जास्त हसल्या. डोळ्याची आकृती त्यांनी कुटुंब नियोजनाच्या पोस्टरच्या पाठीवर काढली होती. उन्हाची तिरीप आली की बुबुळाच्या बरोबर मागून लाल त्रिकोण दिसायचा आणि मुलं खाली तोंड घालून फिस्कारायची. "हसून घ्या आधी," बाई म्हणायच्या, "मग सांगा, प्रतिमा कुठं पडते."

दहावीत त्यांनी उजळणीचे कागद सुरू केले. एका धड्याचं सगळं एका पानावर. पुस्तकं निम्म्या मुलांकडं नव्हतीच. ज्यांचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, त्यांना पानभर कागद खिशात घालून नेता यायचा. सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं फक्त संघाच्या ऑफिसात. तिथल्या क्लार्ककाकांना बाईंनी गळ घातली. कोरा कागद मिळेना, तेव्हा काकांनीच कपाटातला गठ्ठा काढून दिला. खताच्या मागणीचे छापील फॉर्म. पेराच झाला नव्हता, मागायचं कुणी? म्हणून आमच्या उजळणीच्या पाठीमागं 'युरिया, गोणी संख्या' असायचं. एकाचे वडील म्हणाले होते, "पुढून शिका, मागून शेती करा. बाईनं दोन्हीची सोय लावली."

त्या यंत्रासाठी मेणाच्या कागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीनं कोरून लिहावं लागतं. त्याला स्टेन्सिल म्हणतात. जोर कमी पडला तर अक्षर उठत नाही, जास्त झाला तर 'ठ'चं पोट फाटून येतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून बाईंनी ते काम मला दिलं. त्या हातानं मजकूर लिहून द्यायच्या, मी मधल्या सुट्टीत स्टेन्सिल कोरायची. दुसऱ्या कागदात बाईंकडून एक शब्द राहून गेला होता, तो मी दाखवला. त्या म्हणाल्या, "बरी नजर आहे तुझी. असंच सांगत जा." वर्गासमोर म्हणाल्या. मी दोन दिवस चप्पल न वाजवता चालत होते, इतकी मी मोठी झाले होते.

चौथा कागद आम्ल आणि आम्लारीचा. त्या दिवशी बाई उमरग्याला ऑफिसात गेल्या होत्या, आपल्याच फायलीच्या मागं. मजकूर शिपाईमामांकडं ठेवून गेल्या. मी लिहीत लिहीत निम्म्यावर आले आणि थांबले. बाईंनी लिहिलं होतं: 'संहत आम्ल सौम्य करताना आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही घालू नये.'

मला वाटलं, बाईंची गडबड झाली.

सौम्य करणं म्हणजे पातळ करणं, एवढं मला येत होतं. आणि पातळ करणं मी रोज बघत होते. आमची म्हैस आटत चालली होती, आल्यागेल्याला ताक पुरवायचं काम माझ्याकडं. आई चुलीपासनंच ओरडायची, "ताकात पाणी घाल गं, तांब्याभर!" पाण्यात ताक घाल असं कुणी कधी म्हटलंय का? आधी काय आहे, तर ताक. त्यात पाणी. डाळीचंही तसंच, ताटातल्या आमटीचंही तसंच. ज्याला पातळ करायचं त्यात पाणी घालायचं, हे आमच्याकडच्या पोरींना शिकवावं लागत नाही. बाई शिकलेल्या, ऑफिसच्या घाईत, उलटं लिहून गेल्या असतील.

मी ओळ सरळ केली. 'पाणी आम्लात घालावे, आम्ल पाण्यात कधीही घालू नये.' लेखणी छान चालली. ती ओळ त्या पानावरची सगळ्यांत सुबक ओळ होती, हे मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी बाई घाईत भेटल्या. तपासणीची तारीख पुढं आली होती.

"लिहून झालं?"

"व्हय बाई."

"मूळ कागदाशी ताडून पाहिलंस?"

"व्हय बाई."

खोटं नव्हतं. अक्षर न् अक्षर ताडलं होतं. कुठं बदललं आहे तेही ठाऊक होतं. बाईंची चूक मी गुपचूप निस्तरली, त्यांना कमीपणा नको, असा माझा मोठेपणा. त्याच दुपारी काकांनी छापून दिलं.

तपासणीला विस्तार अधिकारी आले, सोबत चेअरमन. पूर्वी तपासणीला डेप्युटी यायचे, म्हणून गाव अजूनही त्या साहेबाला 'दिपोटी' म्हणायचं. बाईंनी काडेपेट्या मांडल्या होत्या, डोळा टांगला होता, उजळणीचे कागद सुतळीत ओवून खिळ्याला अडकवले होते. साहेबांनी एकेक बघितलं. खुश दिसले. चेअरमनलाही म्हणाले, "हे तालुक्याच्या बाकीच्या शाळांना दाखवलं पाहिजे." बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला आपण दोघींनी मिळून बक्षीस जिंकलं असं वाटत होतं.

मग जस्ताच्या तुकड्यावर आम्ल टाकून हायड्रोजन काढायचा प्रयोग. त्याला सौम्य आम्ल लागतं. बाई नेहमी ते स्वतः करून ठेवायच्या. त्या दिवशी बाटली उचलायला पुढं झाल्या, तर साहेब म्हणाले, "तुम्ही नको. मुलाला करू द्या. बघू तुमच्या कागदांनी काय शिकवलंय ते."

बाईंनी पहिल्या बाकावरच्या एका मुलाला उठवलं. तो घाबरला. "कसं करू, बाई?"

"कागदात दिलंय ना? वाचत वाचत तसंच कर."

एवढा त्यांचा कागदावर विश्वास.

पोरानं मोठ्यानं वाचलं. मी तिसऱ्या बाकावर होते. साहेब बाईंना काडेपेट्यांचं काहीतरी विचारत होते, त्या तिकडं वळल्या होत्या. पोरानं चंचुपात्रात आधी आम्ल ओतलं आणि तांब्या उचलला. बाईंचं लक्ष तेवढ्यात गेलं. "थांब!" असा आवाज त्यांनी काढला, तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. धावल्या, पोराला कोपरानं मागं लोटलं, पण पाणी आत पडलं होतं आणि तेव्हाच ते उसळलं. तापल्या तेलात पाणी पडल्यासारखं. बाईंच्या उजव्या मनगटावर आणि पदरावर. पोराच्या हातावर चार-दोन थेंब.

"पाणी! पाणी आणा!"

शाळेत पाणी म्हणजे ओसरीतला एक रांजण. सगळ्या शाळेचं दिवसाचं पिण्याचं. शिपाईमामांनी तो आडवा केला. बाई आधी त्या पोराचा हात धुवत बसल्या, मग स्वतःचा. पाणी वर्गाच्या दारातून वाहत पटांगणात गेलं आणि बारकी मुलं तोंडात बोट घालून त्या ओघळाकडं बघत उभी राहिली.

पोराला काही झालं नाही, चार डाग पडले, पुढं तेही गेले. बाईंचं मनगट भाजलं.

हेडसरांच्या खोलीत मलाही बोलावलं. स्टेन्सिल माझ्या हातचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. चेअरमनच्या हातात कागद होता. त्यांनी ती ओळ वाचली, साहेबांना विचारलं, साहेबांनी मान हलवली. चुकीची ओळ.

हेडसर भले होते. बाईंना वाट काढून देत म्हणाले, "मुलीकडून उतरवताना उलटसुलट झालं असेल. मूळ मजकूर आहे का तुमचा?"

मूळ मजकूर माझ्या दप्तरात होता. दप्तर माझ्या खांद्याला.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. एकदाच, आणि फार वेळ नाही. मला वाटतं त्यांना तेव्हाच सगळं कळलं. मी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडं बघत होते.

"मुलगी बघून लिहिते, सर," त्या म्हणाल्या. "मजकूर माझाच आहे."

चेअरमननी कागद टेबलावर टाकला. "म्हणून म्हणत असतो मी. जागा भरायच्या म्हणून भरल्या की असं व्हायलंय. तेजाब हाती द्यायची माणसं बघून द्यावीत."

काय म्हणायलेत ते खोलीतल्या सगळ्यांना समजलं. मी पाटलांच्या भावकीतली. माझ्या हातून झालं असं कळलं असतं तर 'पोर आहे, चुकतं' म्हणाले असते. बाईंच्या हातून झालं म्हटल्यावर ते त्यांच्या जातीच्या हातून झालं. हे मला तेव्हा इतक्या शब्दांत कळत नव्हतं असं लिहिणार होते. कळत होतं. पाणी वाढताना आमच्या घरी वेगळा तांब्या कुणासाठी होता, ते बघतच मी मोठी झाले होते.

शाळा सुटल्यावर मी बाईंच्या खोलीवर गेले. मनगटाला दवाखान्याची पट्टी. डाव्या हातानं स्टोव्हला पंप मारत होत्या.

"ये. बस. पिन कर जरा, मला जमेना झालंय."

मी स्टोव्हला पिन केली, काडी लावून पेटवला. मग दप्तरातून कागद काढला आणि रडायला लागले.

"रडू नकोस. आधी सांग, का उलटं केलंस?"

मी सांगितलं. म्हैस, आई, ताक, तांब्याभर पाणी. बाई ऐकत राहिल्या आणि एकाएकी हसायला लागल्या. हसताना मनगट हललं, 'आई गं' म्हणाल्या, पुन्हा हसल्या. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"अगं माझे बये, ताक! मी दोन वर्षं तुम्हाला शिकवायले आणि हे एक माझ्या ध्यानात नाही आलं. तुमच्यातली प्रत्येक पोरगी असंच म्हणणार." मग म्हणाल्या, "कढईत तेल तापलंय. पाण्याचा थेंब पडला तर?"

"तडतडतं."

"आम्लात पाणी पडलं की त्याहून जास्त उष्णता निघते. वरचं पाणी तिथंच उकळतं आणि आम्ल घेऊन उडतं. पाणी खूप असलं, आम्ल थेंब थेंब गेलं, की ते पाणी उष्णता पोटात घेतं. कळलं?"

"कळलं."

"मग हेच कागदावर लिहायला हवं होतं मी. नुसतं 'घालू नये' लिहिलं. का नको ते नाही लिहिलं. तेवढी माझी चूक आहेच." त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला. "तू मात्र विचारायला हवं होतंस. आपलं बरोबर आहे असं वाटलं की आधी विचारायचं."

मी म्हटलं, "बाई, उद्या हेडसरांना हा कागद दाखवते."

म्हटलं खरं. पण म्हणताना माझा हात कागद परत घ्यायला पुढं झाला नाही.

"दहावीच्या फॉर्मवर अजून हेडसरांची सही व्हायचीय," बाई म्हणाल्या. "चेअरमन तापलेले आहेत. तुझं नाव निघालं तर तुझे वडील उद्याच शाळेतनं काढतील तुला, मी ओळखते त्यांना. मला दुसरी शाळा मिळेल. तुला दुसरी दहावी मिळायची नाही." त्यांनी कागद स्टोव्हच्या जाळावर धरला. "तू परीक्षेला बस. विज्ञानात चांगली पास हो. एवढंच कर माझ्यासाठी."

कागद जळताना बाईंचं अक्षर मला नीट दिसत होतं. मला काय वाटलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही. मला बरं वाटलं. सुटले असं वाटलं.

बाई कायम झाल्या नाहीत. दिवाळीनंतर त्यांच्या जागी दुसरे सर आले. उजळणीचे कागद पुढं निघाले नाहीत. चौथा कागद सगळ्यांकडून परत गोळा केला आणि तो गोळा करायचं कामही हेडसरांनी मलाच दिलं. एका पोरानं देताना विचारलं, "बाईनं चुकीचं शिकवलं व्हय गं?" मी म्हटलं, "मला काय माहीत."

फॉर्मवर सही झाली. पैसे भरले, नंबर आला. हॉल तिकिटावर फोटो चिकटवून हेडसरांचा शिक्का बसला. आणि त्याच महिन्यात सुरतेचं स्थळ आलं. मुलगा सूतगिरणीत, घाई त्यांच्या बाजूनं. आई म्हणाली, परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय, तेवढं होऊ द्या. वडील ओसरीवर बसले होते. लोकांना मी जे सांगते त्यात वडील म्हणतात, 'पोरीच्या जातीला काय करायचीय परीक्षा.' तसं ते म्हणाले नाहीत. त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, "तुझं काय म्हणणं हाय? बसतीस का परीक्षेला? ते थांबतील, मी सांगतो त्यांना."

मी म्हटलं, "नको, अण्णा."

"मग इतकं शिकायलीस कशाला?"

"नको वाटायलंय आता."

विज्ञानाचा पेपर डोळ्यांसमोर आला होता. त्यात तो प्रश्न येणार. येणारच. मी खरी ओळ लिहिणार, मार्क मला मिळणार आणि बाई कुठंतरी तात्पुरत्याच. तेवढं सोसायची हिंमत मला झाली नाही. बाईंनी स्वतःची नोकरी घालवून जी परीक्षा माझ्यासाठी राखली, ती मी न बसताच टाकून दिली.

सुरतेत येऊन आता नातवंडं झाली. घाबरटपणा मात्र गेला नाही. कुणी औषधाची चिठ्ठी वाचून दाखवायला सांगितलं की मी तीनदा वाचते, मग दुकानदाराला विचारते, मग पुन्हा त्याच्या मागं जाऊन विचारते. घरात फिनेलच्या बाटलीवर मी मोठ्या अक्षरांत नाव लिहून ठेवते. मुलं हसतात. अक्षर अजून चांगलं आहे.

मागच्या वर्षी भाऊ आला होता. बोलता बोलता म्हणाला, नळदुर्गला स्टँडवर तुझ्या विज्ञानाच्या बाई भेटल्या. तिथंच एका शाळेतनं रिटायर झाल्यात, तिथंच राहतात. त्यांनी ओळखलं त्याला, माझं विचारलं.

"काय विचारलं?"

"दहावी झाली का म्हणून. मी म्हटलं, न्हाय बाई, घरच्यांनी लग्न लावून दिलं. लई वाईट वाटलं त्यांना. म्हणाल्या, वडिलांना मीच येऊन समजवायला पाहिजे होतं, माझं चुकलं."

भाऊ चहा पीत होता. मला त्याच्यासमोर बसवेना.

म्हणजे तेही त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलंय. माझे वडील आता नाहीत, त्यांच्या नावावर मी जे घातलं ते खोडायला दुसरं कुणी येणार नाही.

बाई, हे वाचाल की नाही ठाऊक नाही. बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म असतो, तो मी सुनेकडून मागवलाय. मराठीतून पेपर देता येईल असं केंद्र लागतं, म्हणून तिकडंच यावं लागेल. पास होईन की नाही सांगता येत नाही, या वयात पाठ होत नाही काही. पण विज्ञानाच्या पेपराला बसेन. त्याआधी नळदुर्गला येईन आणि तुमच्या समोर बसून एका कागदावर माझ्या हातानं लिहीन की ती ओळ माझी होती, आणि 'नको' म्हणणारीही मीच होते. तो कागद घेऊन गावातल्या शाळेत मीच जाईन. चेअरमन नसतील, हेडसर नसतील. जे कुणी खुर्चीत असतील, त्यांच्या हातात देईन. तुमचं फेडणं होणार नाही त्यानं, पण जेवढं होईल तेवढं मी फेडीन, बाई.